अकरावीचा फॉर्म भरण्याआधी

अकोला,
मे २०२५

चि. भाचीस,

८८.४० टक्के मिळवून तू रडलीस, हे तुझ्या आईकडून कळलं. वर्गातल्या दोघींना पंचाण्णवच्या वर आहेत, बाबांना दर्यापुरात जो भेटेल तो आधी टक्केच विचारतो, आणि तुला अकोल्याला टाकायचं, अमरावतीला की थेट लातूरला, यावर घरात रोज संध्याकाळी बैठक बसते. त्या बैठकीत तुला कुणी काही विचारत नाही, असं तू मला लिहिलंस. म्हणून हे पत्र तुझ्या नावाने लिहितो आहे. बाबांना तूच वाचून दाखव. मी जन्मभर अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवलं आणि दरवर्षी जून महिन्यात कास्तकारांच्या घरातली ही घालमेल पाहिली. या घालमेलीत पैसा जातो, आणि पुष्कळदा लेकराचा स्वतःवरचा विश्वासही जातो. तुझ्या बाबतीत तसं होऊ नये, एवढीच माझी तळमळ आहे.

आधी तुझे टक्के नीट पाहू. यंदा राज्याचा दहावीचा निकाल ९४.१० टक्के लागला. २११ मुलांना पूर्ण शंभर टक्के मिळाले आणि त्यांतली निम्म्याहून जास्त एकट्या लातूर विभागातली आहेत. पण शंभर टक्के म्हणजे सहाही पेपरांत एक चूक नाही, असं नसतं. २०१० पासून सहा विषयांतले उत्तम पाच धरतात. चित्रकलेची इंटरमिजिएट ए ग्रेडने पास असेल तर ७ गुण वाढीव, बी असेल तर ५, सी असेल तर ३. खेळाडूंना आणि लोककला करणाऱ्यांना वेगळे. शिवाय दर विषयातले २० गुण शाळेच्या हाती असतात. २०१९ साली भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे हे वीस गुण काढले, तर आदल्या वर्षी ८९.४१ असलेला निकाल एकदम ७७.१० वर आला. पुढच्या वर्षी ते परत दिले आणि निकाल ९५.३० झाला. त्या मधल्या वर्षाची पोरं मागच्या-पुढच्यांपेक्षा कमी अभ्यासू होती का? मोजायची रीत बदलली, म्हणून आकडा हलला.

तेव्हा नुसत्या आकड्याकडे पाहून रडू नकोस. हा आकडा कोणत्या खिडकीवर चालतो आणि त्या खिडकीपुढे तुझ्या आधी किती जण उभे आहेत, एवढंच विचारायचं असतं. आपल्याकडे हे कुणी पोरांना नीट समजावून सांगत नाही. सगळे मिळून ‘मार्क पाहिजेत’ म्हणतात. कशासाठी, कुठे, किती, हे कुणी बोलत नाही.

दहावीचे मार्क चालतात त्या खिडक्या थोड्या आहेत, पण खऱ्या आहेत. अकरावीचा प्रवेश पूर्णपणे दहावीवर. पॉलिटेक्निकचा प्रवेशही दहावीवर. अमरावती, अकोला, मूर्तिजापूर इथली शासकीय पॉलिटेक्निक आपल्याला जवळची आहेत, आणि तिथून डिप्लोमा चांगल्या गुणांनी केला तर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला बसता येतं. हा रस्ता आपल्याकडे उगाच दुय्यम मानतात. सीईटीच्या गर्दीत न शिरता इंजिनिअर झालेली कितीतरी मुलं माझ्या पाहण्यात आहेत, आणि हातात काम असलेली आहेत. आयटीआय दहावीवर. टपाल खात्यात ग्रामीण डाकसेवकाची निवड तर लेखी परीक्षा न घेता दहावीच्या गुणांवरच होते. इतकं झालं की दहावीचं काम बहुतांशी संपलं. डॉक्टरकीच्या यादीत तुझे ८८ आणि तुझ्या मैत्रिणीचे ९६ यांचा फरक कुणी धरत नाही.

अकरावीचं म्हणशील तर यंदा पहिल्यांदाच सगळ्या राज्याचे प्रवेश एकाच ऑनलाइन पद्धतीने होताहेत. अमरावती शहरात ही पद्धत आधीपासून होती. अकोल्यात, दर्यापुरात आता आली. राज्यात अकरावीच्या जागा पास झालेल्या मुलांपेक्षा पुष्कळ जास्त आहेत. जागा मिळणार नाही, ही भीती खोटी आहे. चढाओढ आहे ती मोजक्या कॉलेजांसाठी: अमरावतीत शिवाजी सायन्स, ब्रिजलाल बियाणी, अकोल्यात आर.एल.टी., शिवाजी. तिथे मेरिट वर जातं, कारण प्रयोगशाळा चालू असते, शिक्षक वर्गावर येतात, ग्रंथालयात बसायला जागा मिळते. चांगल्या कॉलेजची माझी व्याख्या एवढीच आहे. नावाची पाटी केवढी, हे पाहू नकोस. तास होतात का आणि प्रॅक्टिकल प्रत्यक्ष करू देतात का, एवढं तिथे शिकणाऱ्या पोरींना विचार.

आता बारावी. इथे मोठी गफलत होते, म्हणून सविस्तर लिहितो.

मी नोकरीला लागलो तेव्हा बारावीचे मार्क म्हणजे सर्वस्व होते. ‘ग्रुपिंगला किती?’ असं विचारायचे. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स या तीन विषयांचे गुण जोडायचे, त्याची यादी लागायची आणि त्यावर इंजिनिअरिंगचा निर्णय. एका मार्काने पोरगा अमरावतीच्या शासकीय अभियांत्रिकीतून बाहेर राहायचा. १९६४ पासून वऱ्हाडात तेवढं एकच होतं. १९८३ साली सरकारने खासगी कॉलेजांना परवानगी दिली. बडनेरा, शेगाव, पुसद इथे कॉलेजं उघडली आणि जागा वाढल्या. नंतर सीईटी आली. २०१४ आणि २०१५ या दोन वर्षांत पुन्हा निम्मे गुण बारावीचे आणि निम्मे जेईई मेनचे धरले. २०१६ पासून राज्याची सीईटी परत आली आणि तेव्हापासून इंजिनिअरिंगची गुणवत्ता यादी प्रवेश परीक्षेवरच लागते. बारावीला फिजिक्स-मॅथ्ससह तीन विषयांत खुल्या वर्गाला ४५ टक्के, राखीव वर्गाला ४० टक्के एवढे असले की झालं. मेडिकलच्या नीट परीक्षेसाठी फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजीत ५० आणि ४०. म्हणजे एकेकाळी ज्या गुणांवर क्रमांक ठरत होता, ते गुण आज फक्त दार उघडण्यापुरते लागतात.

दिल्लीतही हेच झालं. २०२१ साली दिल्ली विद्यापीठातल्या काही कॉलेजांनी काही विषयांची कट-ऑफ शंभर टक्के लावली होती. बारावीला एक मार्क कमी पडला तरी पहिल्या यादीत नाव नाही. वेगवेगळ्या बोर्डांचे गुण एका मापाने मोजायचे कसे, याचं उत्तर सापडेना. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांनी सीयूईटी घेतली. आपल्या बोर्डाच्या पोरांना हे बरंच झालं. पण त्या परीक्षेची साधी माहितीसुद्धा दर्यापूर-अंजनगावकडे पोचत नाही. तू विज्ञान सोडून दुसरीकडे वळलीस तर ही परीक्षा लक्षात ठेव.

यावरून आपल्याकडे लोकांनी जो अर्थ काढला, तो मला फार खुपतो. बारावीच्या मार्कांना किंमत नाही, तर मग कॉलेजही कशाला? अकोल्यात तोष्णीवाल ले-आऊटकडे जाऊन बघ; बुलढाणा, वाशीम, हिंगोलीपर्यंतची पोरं तिथे क्लाससाठी खोल्या करून राहतात. त्यांतल्या कितीतरी जणांचं नाव एखाद्या आडगावच्या कॉलेजात घातलेलं असतं. तिथे हजेरी लागते, पोरगं जात नाही. प्रॅक्टिकलची वही विकत मिळते. बाबांना जे ‘पॅकेज’ सांगितलं आहे, ज्यात क्लासवालेच कॉलेजचं पाहून घेणार आहेत, ते हेच. त्याला होकार देऊ नकोस. मी तुला कळकळीने सांगतो.

त्याची कारणं सांगतो. नुसतं ‘मामा म्हणतो’ म्हणून ऐकू नकोस.

एक तर ते दार वाटतं तेवढं रुंद नाही. आयआयटी आणि एनआयटीला जेईईत क्रमांक लागून भागत नाही. बारावीला ७५ टक्के किंवा आपल्या बोर्डाच्या पहिल्या वीस टक्क्यांत जागा लागते. अनुसूचित जाती-जमातींना आणि अपंगांना ६५ टक्के. कोरोनाच्या काळात ही अट उठवली होती, २०२३ ला परत आली. आणि हे ७५ टक्के पाच विषयांचे: फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, एक भाषा आणि आणखी एक विषय. म्हणजे ज्या मराठी-इंग्रजीच्या तासाला क्लासवाले वेळेची नासाडी म्हणतात, ती भाषाही त्या बेरजेत येते. सीईटीला दोघांचे पर्सेंटाइल जुळले, तर आधी परीक्षेतले विषयवार गुण, मग बारावीचे आणि त्याहीपुढे गेलं तर दहावीचेसुद्धा गुण पाहतात. साधी बी.एस्सी., बी.ए., बी.कॉम. करायची तर आपल्याकडे बारावीचेच गुण. डी.फार्म. बारावीवर. शिक्षक होण्यासाठी डी.एल.एड. करायचं तर तेही बारावीवर. नीटला बसणाऱ्या बहुतेकांना शेवटी शासकीय जागा मिळत नाही, हे सत्य आहे. त्या दिवशी हातात दुसरी काय गोष्ट असते? ज्याने बारावी वाऱ्यावर सोडली, त्याच्या हातात काहीच नसतं.

२०२१ आठवतं का? तू तेव्हा लहान होतीस. कोरोनामुळे परीक्षा रद्द झाल्या. दहावीचा निकाल लावताना नववीच्या गुणांना ५० टक्के वजन दिलं. बारावीचा लावताना दहावीचे ३० टक्के, अकरावीचे ३० आणि बारावीच्या वर्षातल्या कामाचे ४० धरले. अकरावीला कुणी विचारत नाही, असं आयुष्यभर ऐकलेली पोरं माझ्याकडे येऊन विचारत होती, ‘सर, अकरावीच्या मार्कांचं काही करता येईल का?’ काही करता येत नव्हतं. असं पुन्हा होईल, असं मी म्हणत नाही. पण कोणते गुण कधी मोजले जातील, हे आपल्या हातात नसतं. रोजचा अभ्यास तेवढा असतो.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजीला ७० गुणांची लेखी आणि ३० गुणांची प्रॅक्टिकल असते. ते तीस गुण सगळ्यांना मिळतात, म्हणून कुणी प्रयोगशाळेत जात नाही. पण भिंगाची फोकल लेंग्थ स्वतःच्या हाताने काढलेली मुलगी आणि वहीतून उतरवलेली मुलगी यांत दोन वर्षांनी फरक दिसतो. मी तो दरवर्षी पाहिला. मेडिकलला गेलेली माझी एक विद्यार्थिनी सांगत होती, पहिल्या वर्षाला सूक्ष्मदर्शकाखाली काय पाहायचं, हे तिच्या वर्गातल्या हुशार पोरांना उमगत नव्हतं, कारण त्यांनी तो आधी हाताळलेलाच नव्हता. परीक्षेने त्यांना आत घेतलं. पुढे मात्र त्यांचं त्यांनाच चालायचं होतं.

आणि आडगावच्या त्या कॉलेजचं परीक्षा केंद्र कसं असतं, हे बाबांना चांगलं ठाऊक आहे. तिथे ‘सगळं होतं’ असं सांगतात. यंदा सरकारने कॉपीमुक्त अभियान कडक केलं. त्या केंद्रावर धाड पडली तर प्रामाणिक पोरगीही त्याच खोलीत बसलेली असते. आपल्या घराण्यात आजवर कुणी कॉपी केली नाही. ती वेळ तुझ्यावर यायला नको.

लातूरचं आणि राजस्थानातल्या कोटा शहराचं आता सांगतो, कारण बाबांच्या मनात ते आहे आणि त्यात नियमांचा एक पेच आहे, जो जाहिरातीत छापत नाहीत.

राज्यातल्या शासकीय मेडिकल कॉलेजांत ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यातल्या असतात. त्यासाठी महाराष्ट्राचा रहिवासी असणं पुरत नाही. दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून पास व्हावी लागते. कोट्याला किंवा हैदराबादला बारावी केली की त्या जागांचा रस्ता बंद झाला. नागपूरच्या व्हीएनआयटीत निम्म्या जागा महाराष्ट्राच्या मुलांसाठी असतात, आणि तू कुठली, हे बारावी कुठून केलीस त्यावर ठरतं. मेडिकलला विभागवार ७०-३० चा जो कोटा होता, तो २०२० साली रद्द झाला. तिथे लातूर आणि अकोला आता सारखंच. पण इंजिनिअरिंगच्या खासगी कॉलेजांत गृहविद्यापीठाच्या मुलांना ७० टक्के जागा आहेत, आणि गृहविद्यापीठ बारावीच्या गावावरून ठरतं. अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ हे पाचही जिल्हे संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठात येतात. तेव्हा अमरावती काय नि अकोला काय, तुला दोन्ही घरचंच. लातूरला गेलीस तर नांदेडच्या विद्यापीठाची होशील, आणि बडनेऱ्याच्या कॉलेजात बाहेरची ठरशील.

लातूरच्या शिक्षकांबद्दल मला आदर आहे. तिथे शिकवण्याची एक शिस्त आहे, आणि ती काही एका दिवसात आली नाही. पण लातूरला जाणारी पोरगी त्या शिस्तीबरोबर एकटेपण, मेसचं जेवण आणि दर रविवारी भिंतीवर लागणारी क्रमांकाची यादीही घेते. तू तेवढी घट्ट आहेस का, हे तू ठरव. बाबांनी नाही आणि मीही नाही. मला विचारशील तर वऱ्हाडात आता काय कमी आहे? अकोल्याचं शासकीय मेडिकल २००२ पासून चालू आहे. गेल्या वर्षी, २०२४ ला, अमरावती, बुलढाणा आणि वाशीम या तिन्ही ठिकाणी शंभर-शंभर जागांची नवी शासकीय मेडिकल कॉलेजं सुरू झाली. अकोल्यात पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. खारपाण पट्ट्यातल्या पोरीला मातीचं शास्त्र शिकावंसं वाटलं, तर मला त्यात डॉक्टर होण्याइतकाच आनंद वाटेल. पूर्णेच्या दोन्ही काठांना विहिरीचं खारं पाणी पिऊन मोठी झालेली माणसं आपण. त्या पाण्याचा अभ्यास आपल्याच पोरांनी करू नये?

माझी मेहुणी कॅलिफोर्नियात असते. तिचा मुलगा तिथल्या सरकारी विद्यापीठाची तयारी करतोय. तिथे दहावी-अकरावीच्या वर्गातल्या ग्रेडच प्रामुख्याने धरतात; एसएटी ही परीक्षा त्यांनी प्रवेशाच्या निर्णयातून काढूनच टाकली. रोजचा गृहपाठ, वर्गातली चाचणी, सगळं मोजलं जातं. एक वाईट दिवस आला म्हणून मुलाचं आयुष्य तिथे अडत नाही. हे मला आवडतं. पण तिथे ग्रेड देणारा शिक्षक मुलाला ओळखतो. आपल्याकडे बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर बारकोड असतो आणि तपासणाऱ्याला तू कुणाची पोरगी, हे कळत नाही. कुणाची ओळख नसलेल्या, देणगी देऊ न शकणाऱ्या घराला या अनोळखीपणाचा मोठा आधार आहे. म्हणून ‘मार्कांना काही अर्थ नाही’ असं जे आजकाल बोलतात, ते मला पटत नाही. तुमच्या निकालाच्या दुसऱ्याच दिवशी, १४ मे रोजी, अमरावतीचे भूषण गवई देशाचे सरन्यायाधीश झाले. फ्रेझरपुऱ्यातल्या महापालिकेच्या मराठी शाळेत शिकलेले. तेव्हापासून मोबाइलवर जो तो लिहितोय की बघा, मार्कांनी काय होतं! ही माणसं विसरतात की अशा शाळेतून निघालेल्या मुलाला अमरावतीतच कायद्याचं शिक्षण मिळू शकलं, कारण कुणीतरी इथे विद्यापीठ, कॉलेज उभं केलं होतं. पापळच्या पंजाबराव देशमुखांनी ऑक्सफर्डहून परत येऊन अमरावतीत शिवाजी शिक्षण संस्था काढली, ती कास्तकाराच्या पोराला पुण्या-मुंबईची पायरी न चढता शिकता यावं म्हणून. त्या दारातून आत जायला आपल्याजवळ मार्कांखेरीज दुसरं होतं काय? वावर विकून जागा घेणाऱ्याच्या हाती मागे काय उरतं, तेही मी पाहिलं आहे.

पैशाचा विषय निघालाच आहे तर हे बाबांना मुद्दाम वाचून दाखव. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक शिक्षणात शिकवणी शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. इंजिनिअरिंग आलं, मेडिकल आलं, फार्मसी, शेतकी आली. आपला दाखला आणि आपलं उत्पन्न दोन्ही त्यात बसतात. पण एक अट आहे: प्रवेश सरकारच्या कॅप राउंडमधून, म्हणजे गुणवत्तेने झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून पैसे भरून घेतलेल्या जागेला ही माफी नाही. तुझ्या मार्कांची खरी किंमत इथे आहे. क्लासच्या पॅकेजसाठी बाबा जे कर्ज काढू पाहताहेत, त्याच्या कितीतरी पट रक्कम तुझे मार्क वाचवू शकतात. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज मात्र अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत टाक. प्रवेशाच्या दिवशी तो कागद नाही म्हणून हाती आलेली जागा गेलेल्या पोरी मी पाहिल्या आहेत. गुण होते, हुशारी होती, कागद नव्हता.

क्लास लावूच नको, असं मी म्हणत नाही. तुझं गणित बीजगणितात कच्चं आहे, हे तुझ्या मार्कांवरून दिसतं: भूमितीत चांगले, बीजगणितात कमी. ते कच्चेपण कॉलेजचा शिक्षक एकटा भरून काढू शकणार नाही. अकरावीचं कॉलेज करून संध्याकाळी एका विषयाचा क्लास लाव. राज्याच्या सीईटीत साधारण २० टक्के प्रश्न अकरावीवरचे असतात. नीट आणि जेईईला तर दोन्ही वर्षं आहेत. आपल्याकडे दिवाळीपर्यंत पोरं अकरावीला सुट्टी समजतात. तू जूनपासून बस. मराठी माध्यमातून आलीस, म्हणून पहिले दोन महिने इंग्रजी पुस्तक जड जाईल. शब्दांची वही कर आणि घाबरू नकोस. माझ्या वर्गात पुढे आलेल्या पोरांत मराठी माध्यमाची निम्मी तरी असायची. ती सुरुवातीला मागे राहायची आणि सहामाहीनंतर बरोबरीला यायची. नववी-दहावीचं विज्ञान त्यांनी समजून घेतलेलं असायचं, पाठ केलेलं नसायचं.

आता फॉर्म. भाग एक दर्यापुरातच शाळेत भरून घे. भाग दोनमध्ये एक ते दहा पसंतीची कॉलेजं लिहायची असतात. नियम नीट वाच: पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं, तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, घेतला नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणून कुणी सांगितलं म्हणून, किंवा मैत्रीण तिथे आहे म्हणून पहिलं नाव टाकू नकोस. मागच्या वर्षीच्या कट-ऑफ याद्या पाहा. तुझ्या टक्क्यांच्या थोडी वरची दोन, बरोबरीची चार आणि हमखास मिळतील अशी दोन-तीन लिही. दर्यापूरचं कॉलेजही शेवटी असू दे. एसटीचा पास मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत आहे. घरून जाऊन-येऊन शिकायची वेळ आली तरी भाड्याची काळजी नाही.

अमरावतीला मुलींचं वसतिगृह पाहून ठेवलं आहे. अकोल्याला राहायचं ठरलं तर आमचं घर आहेच. मामी तुझी खोली आधीच झाडून बसली आहे. अकोल्यातली दोन्ही कॉलेजं आधी बघायची असतील तर शनिवारी म्हैसांगमार्गे येणाऱ्या सकाळच्या गाडीने ये. बाबांना घेऊन ये. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेयर आणि आधार, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स आण. प्रयोगशाळा उघडी असेल अशा वेळी जाऊ. तिथल्या शिक्षकांना जे विचारायचं ते तू विचार, मी मागे उभा राहीन.

तुझ्या आईला आणि आजीला नमस्कार सांग. बाबांना म्हणावं, मामाने कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी फोन करायला सांगितलं आहे.

तुझा,
मामा